पहिला संशोधन-प्रस्ताव परत आलाय, चिरफाड करून द्या

बुधवारची ओपीडी | मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. पाच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी बालरोगतज्ज्ञ. पूर्व विदर्भातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात सहाय्यक प्राध्यापक आहे, तीन वर्षं झाली. दर बुधवारी आमच्याकडे सिकलसेलची (आनुवंशिक रक्तविकार) ओपीडी असते. सकाळी आठपासून पोरं येऊन बसतात, काही दोन एसट्या बदलून. दुखण्याचे झटके, रक्त चढवणं, हायड्रॉक्सियुरिया (झटके कमी करणारं औषध) सुरू करणं, रक्ततपासण्या बघणं, हे सगळं साडेबारापर्यंत आटपायचं कारण नंतर लेक्चर असतं.

गेल्या वर्षी वाटलं, एवढे पेशंट बघतो तर अनुदान मागून नीट अभ्यास करावा. थीसिस सोडला तर संशोधनाचा अनुभव शून्य. तरी महिनाभर रात्री जागून प्रस्ताव लिहिला. शीर्षक: ‘पूर्व विदर्भातील सिकलसेलग्रस्त बालकांचा सर्वंकष नैदानिक, जनुकीय व मानसामाजिक अभ्यास’. सहा उद्दिष्टं. बजेट एक कोटीच्या वर, त्यात एचपीएलसीचं (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारं) यंत्र. आठ महिन्यांनी तीन ओळींचं उत्तर आलं: आवाका फार मोठा, नमुन्याच्या संख्येचं समर्थन नाही, मुख्य संशोधकाला अशा कामाचा अनुभव नाही.

पहिल्या दोन मुद्द्यांवर काही करता येईल. तिसऱ्याचं काय करू? अनुदान मिळाल्याशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय अनुदान नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत.

ज्यांनी असे प्रस्ताव लिहिलेत, तपासलेत किंवा नाकारलेत त्यांनी मोकळेपणाने बोला. रडणार नाही.

---

लाल पेन | मंगळवार, रात्री ११:५८

नाकारणाऱ्यांपैकी मी एक. तुमचा नाही, पण असे पुष्कळ. वेगवेगळ्या समित्यांवर बारा-तेरा वर्षं काढली आहेत.

आधी आम्ही कसे वाचतो ते सांगतो, म्हणजे राग कमी होईल. दहा-पंधरा प्रस्ताव एकदम येतात. आमच्याही ओपीड्या असतात. मग शनिवारी रात्री जेवण झाल्यावर माणूस लॅपटॉप उघडतो. शीर्षक, सारांश, उद्दिष्टं. तिथून थेट नमुन्याची संख्या, तिथून बजेट. एवढ्यात मत बनलेलं असतं. तुम्ही ज्या प्रस्तावनेवर पंधरा रात्री जागलात, ‘सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असून...’, ती मी शेवटी वाचतो. कधी कधी वाचतही नाही.

‘सर्वंकष’ हा शब्द दिसला की मी समजतो, यांना नक्की काय शोधायचंय ते ठरलेलं नाही. सहा उद्दिष्टं म्हणजे सहा प्रस्ताव. आणि एचपीएलसीचं यंत्र मागितलंत की प्रश्न पडतो, यांना उत्तर हवंय की यंत्र?

आता एकच विचारतो. तुमच्या बुधवारच्या ओपीडीत तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? शास्त्रीय भाषेत नको. घरी गेल्यावर नवऱ्याला किंवा आईला सांगता तसं सांगा.

---

इंटर्न नं. ४२ | बुधवार, सकाळी ७:१०

वाचनखूण साठवली आहे. दोन पैसे माझेही: एमबीबीएसवाल्यांसाठी आयसीएमआरचं (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) एसटीएस असतं, दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प. मी केला होता. पैसे थोडेच मिळतात, पण प्रस्ताव लिहायची सवय लागते. आमच्या बॅचमध्ये निम्म्यांनी ‘ज्ञान, दृष्टिकोन, वर्तन’ छाप प्रश्नावल्याच काढल्या होत्या, हेही खरं.

---

लाल पेन | बुधवार, सकाळी ७:३०

१९७९ पासून चालू आहे ती योजना. अनेकांच्या संशोधनाची मुंज तिथेच लागते. मात्र एसटीएसची प्रश्नावली पुढे फुगवून फुगवून मोठा प्रस्ताव करतात, तो मोह आवरा.

---

बुधवारची ओपीडी | बुधवार, दुपारी ३:१५

@लाल पेन, आजचीच ओपीडी सांगते.

त्रास याचा होतो की पोरं गायब होतात. हायड्रॉक्सियुरिया सुरू करते, दोन-तीन महिने येतात, झटके कमी झाले म्हणतात, मग येतच नाहीत. एकदम वर्षाने येतात तेव्हा हिमोग्लोबिन चार आणि छातीत संसर्ग. आज एक आई भेटली. तिला गावच्या मेडिकलवाल्याने सांगितलं, ‘ही कॅन्सरची गोळी आहे, लहान पोराला कशाला देता?’ तिने त्या दिवसापासून बंद केली. खोटं कसं म्हणू? औषध कॅन्सरमध्येही वापरतात. दुसरा एक मुलगा चौदा किलोचा. किलोमागे १० मि.ग्रॅ. धरले तर १४० होतात, आणि सरकारी दुकानात कॅप्सूल ५०० ची. बापाने कॅप्सूल उघडून वर्तमानपत्राच्या कागदावर अंदाजे तीन ढिगाऱ्या केल्या होत्या. मला दाखवायला पुडी घेऊन आला होता.

रजिस्टरात तीनशेच्या आसपास मुलांची नावं आहेत. गेल्या सहा महिन्यांत निम्मी तरी आली असतील की नाही, शंका आहे. नक्की आकडा माहीत नाही. कधी मोजलंच नाही.

---

लाल पेन | बुधवार, दुपारी ३:४०

बास. हाच तुमचा प्रस्ताव. त्या सहा उद्दिष्टांत ही गायब होणारी पोरं कुठेच नाहीत आणि पुडीही नाही. तुम्ही इतरांचे पेपर वाचून प्रश्न शोधलात, आणि खरा प्रश्न टेबलावरच्या रजिस्टरात पडून होता.

आता गृहपाठ. रजिस्टर काढा. किती मुलांना औषध सुरू केलं, त्यातली किती सहा महिन्यांनी येत होती, किती वर्षाने. दोन आकडे. ‘प्राथमिक निरीक्षण’ म्हणून आम्ही जे मागतो ते हेच. त्याला अनुदान लागत नाही, दोन रविवार लागतात. तुमच्या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तरही यातच आहे. ‘मुख्य संशोधकाला अनुभव नाही’ याचा अर्थ ‘नाव मोठं नाही’ असा धरू नका. ‘या माणसाने या जागी काही करून पाहिल्याचा पुरावा दिसत नाही’ असं आम्हाला म्हणायचं असतं. स्वतःचं रजिस्टर मोजून आलेला माणूस लगेच ओळखू येतो.

---

सातवा सदस्य | बुधवार, सायं. ५:०५

मध्येच बोलतो, माफ करा. मी डॉक्टर नाही. जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला मुख्याध्यापक. एका रुग्णालयाच्या नीतिशास्त्र समितीवर ‘सामान्य नागरिक’ म्हणून बसतो. समितीला किमान सात सदस्य लागतात, अध्यक्ष बाहेरचा लागतो, एक वकील, एक समाजशास्त्राचा माणूस आणि एक माझ्यासारखा लागतो. म्हणून हे टोपणनाव.

बाई, रजिस्टर चाळा, पण आधी समितीला कळवा. आपल्याच रुग्णाला ‘का आला नाहीस बाळा’ म्हणून फोन करणं हा उपचाराचा भाग झाला. तीच माहिती अभ्यास म्हणून कागदावर आणायची तर परवानगी लागते. जुन्या नोंदींसाठी संमतीची अट शिथिल करून मागता येते, पण मागावी लागते. काम आधी करून मंजुरी मागाहून घ्यायला आलेल्या डॉक्टरांना आम्ही परत पाठवलं आहे, आणि ते फार रागावले आहेत.

---

बुधवारची ओपीडी | बुधवार, रात्री ९:२०

सर, हे माहीतच नव्हतं. उद्याच सदस्य-सचिवांना भेटते. आणि तुमच्याकडून अजून ऐकायचंय, संमतिपत्राबद्दल.

---

महाडकडचा | बुधवार, रात्री १०:०२

हे सगळं वाचून थोडं हसू येतं. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेले पेशंट हृदय निकामी होऊन डोळ्यांदेखत जायचे. त्यांनी प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापूनही आणलं. तिथे कुठलं संशोधन केंद्र होतं? कुठला ईमेल होता? पेशंटच्या उशाशी बसून घेतलेल्या नोंदी, तेवढंच भांडवल. २०२२ ला पद्मश्री मिळाली. ताई, तुम्ही प्रस्ताव-बिस्ताव सोडा, कामाला लागा.

---

आकडेमोड्या | बुधवार, रात्री १०:३०

महाडकर, बावस्करांना दंडवत आहेच. पण अर्धीच गोष्ट सांगताय. त्यांनीच पुढे प्रॅझोसिन एकटं आणि प्रॅझोसिनसोबत विंचवाची प्रतिलस अशी तुलना केली, सत्तर रुग्ण, यादृच्छिक गट पाडून, आणि ती २०११ मध्ये ‘बीएमजे’त आली. निरीक्षणातून सुरुवात झाली तरी शेवटी आराखडा लागतोच.

दुसरं, प्रत्येक प्रश्न उशाशी बसून सुटत नाही. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ने नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा अभ्यास केला, त्यात उपायाची ३९ गावं आणि तुलनेची ४७. गावोगावच्या बाया शिकवून तयार केल्या, घरोघर पाठवल्या. त्यांचं मानधन, वजनकाटे, देखरेख याला पैसा लागतो. धागाकर्तीच्या मुलांचं तर दुखणंच हे आहे की ती ओपीडीत येत नाहीत. न येणाऱ्याच्या उशाशी बसायचं तर कोणाला तरी त्याच्या गावी जावं लागेल.

---

महाडकडचा | बुधवार, रात्री १०:४१

हे पटलं. ‘प्रस्ताव-बिस्ताव सोडा’ मागे घेतो.

---

आकडेमोड्या | गुरुवार, सकाळी ६:५०

आता नमुन्याची संख्या, कारण तुमचा दुसरा मुद्दा माझ्या पोटापाण्याचा आहे.

बहुतेक प्रस्तावांत ४पीक्यू भागिले एल-वर्ग हे सूत्र टाकतात, पी (अंदाजे प्रमाण; क्यू म्हणजे उरलेलं) ५० टक्के आणि एल, म्हणजे चूक, ५ टक्के धरतात, ४०० येतात. काही जण ‘४’ऐवजी १.९६ चा वर्ग घेतात, मग ३८४ येतात. समीक्षकाने ‘समर्थन नाही’ म्हटलं की लोक सूत्र अजून मोठ्या टायपात छापतात. अहो, हरकत सूत्रावर नसते! पी ५० टक्केच का, तो कुठून आणला, आणि एवढी मुलं तुम्हाला मिळणार का, हे विचारलेलं असतं.

तुमचं उदाहरण घ्या. तुम्ही ३८४ लिहिणार आणि रजिस्टरात जेमतेम ३००. वाचणारा तिथेच थांबेल. एकूण संख्याच ३०० असेल तर तिची दुरुस्ती करून आकडा १६९ वर येतो. पण माझं मत: १६९ निवडत बसू नका, सगळीच घ्या. तीनशे मुलांत नमुना कसला काढता? हरवलेल्या प्रत्येकाचा माग काढा आणि ‘रजिस्टरातील सर्व मुले’ असं लिहा. समर्थन तिथेच संपतं.

पुढे कधी नमुना काढायची वेळ आली तर एक बारीक चूक टाळा. दहा टक्के गळती धरायची तर दहा टक्के वाढवायचे नसतात, ०.९ ने भागायचं असतं. २४६ हवे असतील तर २७१ नाही, २७४. फरक तीनचा, पण माझ्यासारखा कोणी समितीत असला तर मनात नोंद करतो.

आणि कृपा करून संख्याशास्त्रज्ञाला प्रस्ताव लिहिण्याआधी भेटा. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री ‘सर, फक्त सॅम्पल साइजचा परिच्छेद टाकून द्या’ असा फोन येतो तेव्हा मी उचलत नाही.

---

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, सकाळी ९:१५

पॅथॉलॉजीतून हजेरी. औषध नियमित घेतात की नाही हे कसं मोजणार? पालकांना विचारलं तर सगळे ‘हो’ म्हणतात. कॅप्सूल मोजायच्या तर तुमच्याकडे पुड्या.

तुमच्या नाकाखाली एक फुकट मोजमाप आहे. हायड्रॉक्सियुरिया नीट घेतलं की लाल पेशींचा आकार वाढतो, एमसीव्ही वर जातो. तो प्रत्येक सीबीसीच्या (रक्तपेशींची नेहमीची तपासणी) कागदावर छापलेला असतो, वेगळा पैसा नाही. पण थांबा, उडी मारू नका. आपल्याकडे सिकलसेलबरोबर अल्फा थॅलेसेमिया बऱ्याच जणांत असतो आणि लोहाची कमतरता तर घरोघरी. दोन्हींनी एमसीव्ही खाली ओढला जातो. त्यामुळे ‘अमुकच्या वर म्हणजे औषध घेतो’ अशी सरसकट रेघ मारू नका. त्याच मुलाचा औषधाआधीचा एमसीव्ही आणि नंतरचा, एवढीच तुलना करा. जुने सीबीसी ठेवलेत ना?

हिमोग्लोबिन एफही (बाळपणीचं हिमोग्लोबिन, या औषधाने वाढतं) बघता येईल. त्यासाठी यंत्र विकत नको. तुमच्या कॉलेजात आरोग्य संशोधन विभागाचं एमआरयू (संशोधनाची सामाईक प्रयोगशाळा) असेल तर तिथे काय काय आहे ते विचारा. बऱ्याच जणांना आपल्याच इमारतीतल्या त्या खोलीचा पत्ता नसतो. नसेल तर जिथे यंत्र आहे तिथल्या कोणाला तरी सहसंशोधक घ्या. एका ओळीत तुमचे बरेच लाख वाचतील.

---

बुधवारची ओपीडी | गुरुवार, दुपारी १:३०

एमसीव्ही!! मी दर बुधवारी तो आकडा बघते आणि पुढे जाते. जुने सीबीसी फायलींत आहेत, फायली माळ्यावर आहेत, माळ्यावर कबुतरं आहेत. काढते.

एक नाजूक प्रश्न. आमचे विभागप्रमुख म्हणतात मुख्य संशोधक म्हणून त्यांचं नाव टाक, ‘तरच मिळेल’. माणूस वाईट नाही, पण सिकलसेलच्या ओपीडीत कधी आलेले नाहीत. काय करावं?

---

ओहायोची थंडी | गुरुवार, रात्री ८:०० (इकडे सकाळ)

इथल्या पद्धतीबद्दल बोलते, तुलनेला उपयोगी पडेल. मी क्लीव्हलंडजवळ असते, सोलापूरची. अमेरिकेत एनआयएचचे (इथली सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) नवख्या डॉक्टरांसाठीचे ‘के’ पुरस्कार असतात. पेशंटवर संशोधन करणाऱ्यांना के-२३. त्यात ज्येष्ठ माणूस असतो तो मार्गदर्शक म्हणून, अर्ज तुमच्या नावावर. मार्गदर्शकाची योजना लेखी द्यावी लागते: कोण, दर किती दिवसांनी भेटणार, काय शिकवणार. म्हणजे अनुभव नाही हे तिथे गृहीतच धरलेलं असतं, आणि तो कसा मिळवणार हे प्रस्तावातच सांगायचं असतं. तुम्ही तेच करा. सरांना सहसंशोधक आणि मार्गदर्शक दाखवा, त्यांचं बळ वापरा, नाव मात्र तुमचं पहिलं.

फरक एवढाच की के-२३ मध्ये बहुतेक शाखांत ७५ टक्के वेळ संशोधनाला राखीव ठेवावाच लागतो. तुम्ही लेक्चर, ओपीडी, नाइट ड्युटी करून रात्री लिहिणार. तिकडचा प्रस्ताव तसाच्या तसा उचललात तर वेळेचं गणित कोलमडेल. (इथलं सगळं छान आहे असंही नाही. के-२३ नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच. व्हिसावरच्या आमच्यासारख्या कित्येकांनी खिडकीतूनच बघितलंय.)

एक सवय मात्र जरूर उचला: उद्दिष्टांचं एकच पान. एनआयएचच्या अर्जात ते एका पानाच्या पुढे जाऊच शकत नाही. माझ्या मार्गदर्शक बाईंनी माझ्याकडून ते पान एकोणीस वेळा लिहून घेतलं, बाकी अर्ज दोनदाच. त्या म्हणायच्या, हे पान तुझ्या शाखेबाहेरच्या माणसाला दे, त्याने परत तुला तोंडी सांगितलं तर ठीक.

---

लाल पेन | गुरुवार, रात्री ९:१०

थंडीताईंशी सहमत. विभागप्रमुखांबाबत एक व्यवहाराची गोष्ट: सरकारी कॉलेजात बदल्या होतात आणि माणसं निवृत्त होतात. सर दोन वर्षांत निवृत्त होणार असतील तर तीन वर्षांच्या प्रकल्पाचा मुख्य संशोधक ते कसे होतील? हा मुद्दा त्यांना तुम्ही सांगू नका, नियमच सांगू दे. संस्थेकडून प्रकल्पाचा काळ पुरेल एवढी नोकरी शिल्लक आहे का, हे विचारलं जातं.

पैशाबद्दलही. आयसीएमआरच्या बाह्य अनुदानात ‘लहान’ गटाची मर्यादाच दोन कोटी आहे, म्हणून लोकांना वाटतं तेवढे मागायलाच हवेत. मर्यादा म्हणजे अपेक्षा नव्हे. तुमच्या प्रश्नाला त्याच्या एका कोपऱ्याएवढे पैसे पुरतील. आणि कामाऐवजी माणसावर पैसे लावणाऱ्या फेलोशिपाही आहेत, २००८ पासूनची इंडिया अलायन्स घ्या, तिथे डॉक्टरांसाठी वेगळा गट आहे. पण ती पुढची पायरी. आधी हे तीनशे.

---

यॉर्कशायर पुडी | गुरुवार, रात्री ११:२०

लीड्सहून. आमच्याकडे एनआयएचआरच्या (इथली सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) अर्जात एक रकाना असतो: हा प्रश्न ठरवताना तुम्ही रुग्णांना काय विचारलंत आणि त्यामुळे काय बदललं? पहिल्यांदा मला हा फालतू उपचार वाटला होता. मग दम्याच्या पेशंटांबरोबर बसलो. मी फुप्फुसाच्या चाचणीचा आकडा मोजणार होतो, त्यांना रात्रीची झोप मोजलेली हवी होती. आराखडाच बदलला.

तुमच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर बसलेल्या पाच आयांना विचारा, ‘येणं का थांबतं?’ त्यांच्या उत्तरातून तुमची प्रश्नावली निघेल. पुडीवाल्या बाबांना पण बोलवा. (टोपणनावावरून कोणी काही बोलायच्या आधी: पुडी म्हणजे खाण्याची.)

---

टाचणी | शुक्रवार, सकाळी १०:४५

मी लेखा शाखेतला. एका कॉलेजात संशोधन-अनुदानांची खाती बघतो. डॉक्टर लोक आमच्याकडे प्रस्ताव सादर करायच्या दिवशी सहीला येतात, तेव्हा बजेट बघून आम्हाला घाम फुटतो. चार गोष्टी सांगतो, रागावू नका.

‘आकस्मिक खर्च’ ही पोतडी नव्हे. बाकी कुठे बसलं नाही ते तिथे कोंबता, मग लेखापरीक्षणात आम्ही उत्तरं देतो. मनुष्यबळ लिहिताना अनुदान देणाऱ्या संस्थेचेच दर बघा. पद आणि मानधन त्यांच्या तक्त्यात असतं, मनाने आकडा टाकू नका. तिसरं, खरेदी जेममधून (सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल) होते. तुम्हाला जो ब्रँड हवाय तो तिथे तसाच मिळेल या भ्रमात वेळापत्रक आखू नका. भरती आणि खरेदीत पहिले चार-सहा महिने जातात. प्रस्तावाच्या वेळापत्रकात ‘महिना १: रुग्ण नोंदणी सुरू’ असं बघितलं की मी गालात हसतो.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. पहिल्या वर्षाचे पैसे आले की खर्चाचं विवरण आणि जीएफआर १२-ए (केंद्राच्या वित्तीय नियमांतला नमुना) मधलं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता हलत नाही. पैसे जानेवारीत येतात आणि मार्चअखेर हिशेब मागतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा क्षेत्र-कार्यकर्तीचा पगार दोन महिने अडकतो आणि ती सोडून जाते. तुमचा अभ्यासच घरोघर जाण्याचा, म्हणजे तिच्यावरच उभा. तिला कसं टिकवणार ते आधी ठरवा. लेखा शाखेत चहाला या, प्रस्ताव लिहायच्या आधी. कोणी येत नाही.

---

इंटर्न नं. ४२ | शुक्रवार, दुपारी १२:००

टाचणीकाका, ही प्रतिक्रिया छापून नोटीस बोर्डावर लावायला हवी. नको, सही लागेल.

---

सातवा सदस्य | शुक्रवार, सायं. ६:३०

संमतिपत्राचं राहिलं होतं. आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात मुलांबद्दल वेगळं प्रकरण आहे. आई किंवा वडिलांची संमती लागतेच, पण ७ ते १२ वर्षांच्या मुलाला तोंडी विचारावं लागतं आणि १२ ते १८ च्या मुलाचा होकार लेखी घ्यावा लागतो. अनेकजण एकच कागद करून आणतात, ‘मी माझ्या स्वेच्छेने...’ हे नऊ वर्षांच्या पोराच्या तोंडी.

भाषेचं म्हणाल तर, इंग्रजीवरून केलेलं मराठी आम्हाला मराठी वाटत नाही. ‘सहभागी होण्यास नकार दिल्यास आपल्या उपचारांवर कोणताही प्रतिकूल परिणाम होणार नाही’ हे मी चाळीस वर्षं मराठी शिकवूनही दोनदा वाचलं. ‘तुम्ही नाही म्हणालात तरी औषध मिळत राहील’ एवढं लिहा ना. तुमच्या भागात घरात गोंडी बोलणारी कुटुंबं असतील तर कागद मराठीत आणि समजावणं गोंडीत, आणि समजावणारी बाई कोण हे प्रस्तावात लिहा. तिचं मानधनही. टाचणी साहेब ओळ सांगतील.

अजून एक. हरवलेल्या मुलाच्या घरी तुमची कार्यकर्ती जाईल तेव्हा शेजारी विचारतील, ‘कशाला आली होती?’ सिकलसेलचं लाल-पिवळं कार्ड गावात लग्न ठरवताना बघतात म्हणे. ती बाई काय उत्तर देणार, तेही ठरवा. मुलींच्या घरी तर नक्कीच.

---

बुधवारची ओपीडी | शुक्रवार, रात्री ११:५५

सर, शेवटचा मुद्दा वाचून पाच मिनिटं गप्प बसले. आमच्या ओपीडीतल्या एका मुलीची आई कार्ड ब्लाउजमध्ये लपवून आणते.

नवं पान लिहिलंय. कच्चं आहे.

शीर्षक: ‘हायड्रॉक्सियुरिया सुरू केलेली मुले उपचार का सोडतात: एका सरकारी रुग्णालयातील सिकलसेल ओपीडीचा पाठपुरावा’

उद्दिष्ट एक: औषध सुरू केल्यापासून एका वर्षात किती मुलांचा उपचार तुटतो, ते रजिस्टरातील सर्व मुलांत मोजणे.
उद्दिष्ट दोन: तुटलेल्यांच्या घरी जाऊन कारणे समजून घेणे.
उद्दिष्ट तीन: जवळच्या ग्रामीण रुग्णालयातून औषध व सीबीसी दिल्यास किती मुले परत येतात ते पाहणे.

सुरुवात केंद्र सरकारच्या सिकलसेल मोहिमेपासून केली आहे (२०२३, सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन). त्यात तपासणीवर भर आहे, पण सापडलेली मुलं उपचारात टिकतात का हे आमच्यासारख्या ठिकाणी कोणी मोजलेलं दिसत नाही, असा धागा पकडलाय.

---

लाल पेन | शनिवार, सकाळी ८:०५

आता जमतंय. तीन शेरे.

‘कोणी मोजलेलं नाही’ असं बेधडक लिहू नका. समितीत नेमका तोच माणूस बसलेला असतो ज्याने मोजलंय. आधी शोधा, सापडलं ते लिहा, आणि तुमच्या जागी ते का पुरेसं नाही ते सांगा. आणि संदर्भ स्वतः उघडून वाचा. हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेले प्रस्ताव येतात, गुळगुळीत, आणि त्यातला चौथा संदर्भ पृथ्वीवर अस्तित्वातच नसतो. असा एक सापडला की मी पुढे वाचत नाही.

उद्दिष्ट तीन काढा. तो हस्तक्षेप आहे, त्याला तुलनेचा गट लागेल, सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी लागेल, जिल्हा शल्यचिकित्सकांची मान्यता लागेल. पहिल्या दोन उद्दिष्टांतून जे कारण निघेल त्यावर तिसरं ठरू दे. कदाचित कारण अंतर नसेलच, मेडिकलवाला असेल. शेवटच्या परिच्छेदात ‘यापुढे’ म्हणून एक ओळ टाका.

आणि ‘उपचार तुटणे’ म्हणजे काय? साठ दिवस? नव्वद? व्याख्या पहिल्या पानावर हवी.

---

आकडेमोड्या | शनिवार, सकाळी ८:४०

व्याख्येला +१. ती रजिस्टर मोजायच्या आधी ठरवा, नंतर नाही. नंतर ठरवलेली व्याख्या नेहमी सोयीची निघते.

---

बुधवारची ओपीडी | तीन आठवड्यांनी, बुधवार, रात्री १०:१५

धागा वर काढतेय. समितीची परवानगी मिळाली (‘संमतिपत्र वाचता आलं’ असा शेरा, सातवे सदस्य सर, तुमच्यामुळे). विभागप्रमुख मार्गदर्शक व्हायला तयार झाले, थोडे फुगून. कबुतरांसकट फायली खाली आल्या. व्याख्या नव्वद दिवस.

आज ओपीडीनंतर हरवलेल्यांपैकी पहिल्या वीस जणांना फोन लावले. सात नंबर बंद. दोघं दुसऱ्या जिल्ह्यात मजुरीला गेलेत, मुलांसकट. एका मुलाचे आजोबा म्हणाले पोरगं गेलं, दिवाळीच्या आधी. नाव विचारून परत सांगितलं त्यांनी, बरोबर आहे ना म्हणून. आम्हाला कळलंच नव्हतं.

उरलेल्यांत मला वाटलं होतं ‘कॅन्सरची गोळी’ निघेल. ती दोनदाच निघाली. बाकीच्यांनी सांगितलं: रक्त तपासायला एक दिवस, रिपोर्ट घ्यायला दुसरा दिवस. दोन दिवसांची मजुरी आणि दोघांचं एसटीभाडं. रिपोर्ट त्याच दिवशी का मिळत नाही, हे मी तीन वर्षांत विचारलं नव्हतं. सूक्ष्मदर्शी, नमुने अकरानंतर गेले की दुसऱ्या दिवशीच्या खेपेला जातात म्हणे?

---

सूक्ष्मदर्शी | बुधवार, रात्री १०:४०

बऱ्याच ठिकाणी तसंच आहे. सिकलसेलचे नमुने आठलाच, पेशंट बघायच्या आधी गोळा करून पाठवले तर अकरापर्यंत सीबीसी हातात येतो. याला अनुदान नको, तुमच्या पॅथॉलॉजीच्या विभागप्रमुखांना भेटा.

---

लाल पेन | बुधवार, रात्री १०:५२

भेटा, आणि बदल कोणत्या तारखेला केला ते लिहून ठेवा. आधीचे-नंतरचे आकडे पुढे लागतील. ते दोन दिवस सारांशाच्या पहिल्या वाक्यात घाला.

---

बुधवारची ओपीडी | बुधवार, रात्री ११:०५

हो. टाचणीकाका, एक शंका: अभ्यासासाठी बोलावलेल्या पालकांचं एसटीभाडं आणि बुडालेली मजुरी द्यायची असेल तर कोणत्या शीर्षाखाली दाखवू? ‘प्रवास’मध्ये?

---

टाचणी | गुरुवार, सकाळी १०:३१

‘प्रवास’ नको, तो कर्मचाऱ्यांचा. वेगळी ओळ करा, ‘सहभागी रुग्णांना प्रवासखर्च व मजुरी भरपाई’, माणशी दर आणि एकूण फेऱ्या लिहा, आणि तोच आकडा संमतिपत्रातही असू द्या. पावती सहीची किंवा अंगठ्याची चालेल. एसटीचं तिकीट मागू नका, ते कोणी ठेवत नाही.